आधी पेठांकडे बघा

संपादक महोदय,

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तिथल्या रहिवाशांना पाणी आणि ड्रेनेज मिळायलाच हवं. पण त्यांच्याही पलीकडच्या माळावर नवे रस्ते आखण्याआधी शहराच्या मध्यभागातल्या जुन्या पेठांवर पैसा लावा, अशी आमची कळकळीची मागणी आहे.

पाण्याच्या मुख्य लाइनपासून दोन किलोमीटरवर ४०० घरांचा प्रकल्प झाला तर घरामागे पाच मीटर पाइप लागतो, कारण मधल्या रिकाम्या शेतांतूनही तो न्यावा लागतो. पेठेतल्या ३०० मीटर गल्लीत २०० घरं झाली तर घरामागे दीड मीटर. बिल्डर विकास शुल्क एकदाच भरतो. गळती, दिवे, झाडलोट मात्र पालिकेच्या गळ्यात कायमची. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडईला भुयारी मेट्रो थांबते. एवढा खर्च करून झाल्यावर स्टेशनच्या दारातले वाडे ओस पडू द्यायचे?

वाडा पडतो तो पन्हळीपासून. जुनं भाडं इतकं तुटपुंजं, की मालक डागडुजी करत नाही. फुटक्या पन्हळीचं पाणी मातीच्या भिंतीत मुरतं, भिंतीत टेकलेलं तुळईचं टोक कुजतं, आणि मग महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची, म्हणजे धोकादायक बांधकामाची, नोटीस येते. एकटा वाडा बांधायला काढला तर गणित जमत नाही. सहा मीटर रुंदीच्या जागेत दोन्ही बाजूंना एकेक मीटर मोकळा सोडावा लागला, तर उरतात चार; त्यात जिना आणि लिफ्ट बसवल्यावर खोल्या कुठे काढायच्या? म्हणून शेजारचे तीन-चार वाडे एकत्र घ्यायला हवेत, आणि त्यासाठी पालिकेने पुढाकार घ्यावा. बहुतेक कामं प्रॉपर्टी कार्डावरच्या, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीतल्या, राहिलेल्या वारसनोंदींपाशी अडतात, तेव्हा त्या लावून घ्यायला पेठेतच नगर भूमापनाची (सिटी सर्व्हेची) शिबिरं भरवा. भाडेकरूंची यादी, प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र आणि नोंदणीकृत करार हे वाडा उतरवण्याआधी व्हायला हवं. आधी वाडा पाडला की कोणाची खोली केवढी होती, यावरच वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चालतं.

आणि नव्या इमारतींना परवानगी देण्याआधी गल्लीतली ड्रेनेज लाइन मोठ्या व्यासाची टाका. नाहीतर चेंबर तुंबतील आणि नुकताच केलेला काँक्रीटचा रस्ता पुन्हा फोडावा लागेल.

– पेठांत काम करणारे काही स्थापत्य अभियंते, पुणे