शिष्यवृत्तीचं पत्र दुसऱ्या पानापासून वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लेकीला दोन्ही विद्यापीठांकडून शिष्यवृत्ती मिळाली हे वाचून मनापासून आनंद झाला. पोरीच्या कष्टांचं चीज झालं. तिला माझे भरभरून आशीर्वाद सांग. दोन्ही पत्रं पाठवून तू विचारलंस, ‘पहिलीची रक्कम दुसरीच्या जवळजवळ दीडपट आहे, मग विचार कसला करायचा?’ दोन्ही पत्रं मी सावकाश वाचली. माझं मत विचारशील तर नुसत्या रकमेवर ठरवू नका. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तळाशी ज्या अटी दिल्या आहेत, त्या आधी वाचा.

शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहायला एकूण जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांची चारपैकी सरासरी, ३.५ हवा, असं तिथे लिहिलंय. तपासणी पहिल्या वर्षाअखेरीस. कमी पडला तर सुधारायला एका सत्राची मुदत. वाचायला उदार वाटतं, पण हिशेब करून बघ. विज्ञान शाखेचं पहिलं वर्ष, नवी जागा, गणित आणि रसायनशास्त्र एकदम अंगावर. अशात तिला ३.२ मिळाला, तर तो काही वाईट निकाल नव्हे. पण पहिल्या वर्षाची दोन आणि मुदतीचं एक अशा तिन्ही सत्रांचे क्रेडिट, म्हणजे सरासरीतलं वजन, सारखे धरले, तर एका सत्रात एकूण ३.५ गाठायला तिला त्या सत्रात ४.१ मिळवावा लागेल. कमाल गुणच ४. म्हणजे मुदत कागदावर आहे, तिचा उपयोग शून्य. तिथून पुढे उरलेल्या वर्षांची सगळी फी तुझ्यावर.

अशा अटीचा मुलांच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हेही लक्षात घे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९३ साली लॉटरीच्या उत्पन्नातून ‘होप’ शिष्यवृत्ती सुरू केली. सरासरी ३.० टिकवली तर ती चालू राहते. असंख्य मुलांना तिने कॉलेजात आणलं, हे तिचं मोठं काम. पण जॉर्जिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर जो अभ्यास झाला, त्यात दिसलं की सरासरी राखण्यासाठी मुलं सत्राला कमी विषय घ्यायला लागली आणि जड जाणारा विषय मध्येच सोडायला लागली. तुझ्या लेकीला भौतिकशास्त्रातले अवघड विषय घ्यायचे आहेत. शिष्यवृत्ती जाईल या धाकाने ती सोपे विषय निवडायला लागली, तर ज्यासाठी तिला निवडलं तेच हातचं जाईल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता रकमेकडे ये. पहिल्या पत्रातली रक्कम चारही वर्षं तेवढीच राहणार आहे, फी मात्र वाढत जाणार. आज फी शंभर धर, शिष्यवृत्ती साठ. तुझ्या वाट्याला चाळीस. फी दरसाल चार टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी ती साडेबाराने वर जाते, आणि तुझे चाळीस होतात साडेबावन्न. राहणं, जेवण, पुस्तकं, विमा यांचा तर त्या पत्रात उल्लेखही नाही. दुसऱ्या पत्रात शिकवणी शुल्काची टक्केवारी दिलीय, म्हणजे फी वाढेल तशी शिष्यवृत्तीही वाढेल. चारही वर्षांचा तक्ता मांडलास की आज दिसणारा दीडपटीचा फरक दरसाल आटत जाताना दिसेल.

एक गोष्ट लेकीलाही समजावून सांग. गुणवत्ता शिष्यवृत्ती हा सन्मान आहेच, पण चांगले विद्यार्थी आपल्याकडे यावेत म्हणून विद्यापीठं ती देतात, हेही खरं आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन धरून आयव्ही लीग या अमेरिकेतल्या नामांकित गटातली आठही विद्यापीठं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे फक्त घरची गरज बघून मदत मिळते. त्यामुळे कुणी किती रक्कम देऊ केली, यावरून तिने स्वतःची किंमत ठरवू नये. निवड समितीवर बसताना मी दरवर्षी बघतो, शेवटच्या यादीत आलेल्या आणि थोडक्यात राहिलेल्या मुलांत फरक केसाएवढा असतो.

दुसरं पत्र मला का आवडलं ते आता सांगतो. तिथे पैशाबरोबर एक कार्यक्रम आहे: पहिल्या वर्षाआधी उन्हाळी वर्ग, ठरलेला मार्गदर्शक, एका उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम, आणि बरोबर शिकणारी वीसेक मुलं. ही कल्पना आजची नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मोरहेड शिष्यवृत्तीची संस्था १९४५ साली उभी राहिली. आज मोरहेड-केन नावाने चालणाऱ्या या कार्यक्रमात चार वर्षांच्या खर्चाबरोबर उन्हाळ्यातले उपक्रमही येतात. पण माझ्या मनात भरलाय तो मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतला मायरहॉफ कार्यक्रम. रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ यांच्या देणगीतून फ्रीमन राबोव्स्की यांनी तो १९८८ साली सुरू केला. विज्ञानात कृष्णवर्णीय संशोधक फार थोडे, हे त्यांना बदलायचं होतं. १९८९ साली आलेल्या पहिल्या तुकडीत १९ मुलगे होते. पुढे मुली आल्या, नंतर कार्यक्रम सगळ्यांनाच खुला झाला. तिथे एकट्याने अभ्यास करायचा नाही, गटाने करायचा. पायाच्या विषयात कच्चं राहिलं तर तो विषय पुन्हा घ्यायला सांगतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून शिकल्या. हुशार पोरं एरवी एकेकटी झुंजतात आणि अडली तरी विचारायला लाजतात. तिथे ती एकमेकांना धरून पुढे जातात. असं काही देणारी शिष्यवृत्ती रकमेने लहान असली तरी मी ती मोठी मानतो.

अर्थात छापील पत्रकावर भुलायचं नाही. मार्गदर्शक महिन्यातून एकदा तरी भेटतो का, प्रयोगशाळेतलं काम हमखास मिळतं की त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, हे तिथे सध्या शिकणाऱ्या दोन-तीन मुलांनाच विचारा. लेकीने स्वतः विचारावं, तू नव्हे.

शिष्यवृत्ती कार्यालयाला मात्र ईमेल कराच, आणि उत्तर लेखी मागा. मागच्या तुकड्यांतल्या किती जणांची शिष्यवृत्ती चौथ्या वर्षापर्यंत टिकली? शाखा बदलली, आजारपणात एक सत्र गेलं, तर काय? एकदा गेलेली शिष्यवृत्ती पुन्हा मिळू शकते का? आणि तिला बाहेरच्या ट्रस्टचीही मदत मिळणार आहे म्हणालास, तर त्याबद्दल आवर्जून विचार. कित्येक विद्यापीठं बाहेरून पैसे आले की आपली मदत तेवढी कापतात, मग घरच्यांच्या हाती काहीच उरत नाही. मेरीलँड राज्याने २०१७ साली कायदा करून आपल्या सरकारी विद्यापीठांच्या या पद्धतीला लगाम घातला, पण सगळीकडे तसा कायदा नाही.

पहिल्या विद्यापीठाला अट शिथिल करण्याबद्दलही विचारून बघा. दुसऱ्याचं पत्र जोडून सभ्यपणे विचारलं तर कुणी रागावत नाही. फार तर नाही म्हणतील. त्यांनी ३.५ चा ३.० केला, तर मी माझं मत पुन्हा तपासेन.

होकार कळवायच्या तारखेला अजून अवकाश आहे, तोवर कुठेही अनामत भरू नका. कार्यालयांची उत्तरं आली की मला पाठव, चार वर्षांचा तक्ता आपण फोनवर बसून एकत्रच मांडू. लेकीलाही त्या वेळी जवळ बसव. वहिनींना नमस्कार.

तुझाच मित्र