आहार माझा, तालीम तुमची : सरांना आभार पत्र

आदरणीय सर,
सा. न.

समोर आभार मानले की तुम्ही ‘बरें, बरें’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. कच्चा, पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या आणखी कुणाला तुमच्यासारखा माणूस भेटावा, हाही त्यात हेतू आहे.

आमच्या फोंड्याकडच्या घरात नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, रविवार होत नाही. तिथे मी चुलीवरचं सगळंच सोडलं, तेव्हा घरचे काळजीत पडले. बाहेर दोनच प्रकारची माणसं भेटत होती. एक म्हणत, ‘हे सोड, हाडं दिसतील.’ दुसरी म्हणत, ‘फळांत सगळं मिळतं, काही बघायला नको.’ तुम्ही स्वतः बांगडा आवडीने खाता, पण माझा निर्णय बदलायला एकदाही सांगितलं नाहीत. विचारलंत ते एवढंच : ‘बाय, वजन किती?’

पन्नास किलो म्हटल्यावर तुम्ही वही काढलीत. स्नायू वाढवायचे तर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाला 80. मग एकेक जिन्नस तपासला. ओल्या खोबऱ्याने पोट भरतं, पण 100 ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम. मोड आलेल्या मुगातही पाणीच जास्त, त्यामुळे प्रथिनं कमीच. शेंगदाण्यात मात्र 25च्या आसपास, भोपळ्याच्या बियांत त्याहून जास्त. तेव्हापासून भिजवलेले शेंगदाणे, बिया आणि तीळ हा माझ्या ताटाचा पाया झाला. आडसर (कोवळा नारळ), सालदाट्टी जातीची केळी, पपई ही शक्तीसाठी. मोडांवर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. रोज 80 गाठणं या आहारात अवघड आहे, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. त्या स्पष्टपणामुळेच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

दोन बाबतींत तुम्ही कडक होता. राजमा कच्चा खायचा नाही, मोड आणूनसुद्धा नाही, कारण त्यातलं विष शिजवल्याशिवाय जात नाही. आणि बी-12ची गोळी चुकवायची नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, झाडं करत नाहीत. काजूची गोष्टही तुमच्याकडूनच कळली : बाजारात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा गर बहुतेक वेळा कवच फोडण्याआधीच वाफवलेला किंवा भाजलेला असतो, कारण कवचातलं तेल कातडी भाजून काढतं. गोव्यात राहून हे मला ठाऊक नव्हतं!

पण खरी तालीम झाली शाळेच्या पटांगणावर. आपल्याकडे जोर-बैठका म्हटलं की आकडे मोजायची सवय. तुम्ही आकडे थांबवलेत. दहा-बारा सहज जमले की संख्या वाढवायची नाही, व्यायाम अवघड करायचा, हे तुमचं सूत्र. पहिले जोर भिंतीला टेकून, मग व्हरांड्याच्या कट्ट्यावर हात ठेवून, मग पायरीवर, मग जमिनीवर. जमिनीवरच्या साध्या जोरात शरीराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भार हातांवर येतो, म्हणून प्रत्येक पायरीला भार वाढतच जातो. आता पाय बाकावर आणि हात खाली असे जोर मी काढते.

बारवर हात गच्च धरूनही अंग वर जात नव्हतं, तेव्हा तुम्ही स्टूल आणलंत. हनुवटी बारच्या वर ठेवून उभं राहायचं, पाय सोडायचे आणि जमेल तितकं सावकाश खाली यायचं. खाली येतानाही स्नायू वजन पेलतो, किंबहुना वर जाताना पेलतो त्याहून जास्त पेलू शकतो. मधे एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि तुम्ही ती मोडू दिली नाहीत. गेल्या महिन्यात मी स्टुलाशिवाय वर गेले. तुम्ही टाळी वाजवली नाहीत, ‘आता पाठ सरळ ठेवून परत’ म्हणालात. मला तेच हवं होतं.

सर, तुम्ही माझ्या मताशी सहमत नसतानाही माझ्यासाठी एवढा वेळ दिलात. अशी मदत मला आधी कुणी केली नव्हती. मनापासून आभार. काकींनाही माझा नमस्कार सांगा. शेंगदाणे भिजवून डब्यात द्यायची आठवण त्याच ठेवतात.

एका पायावरची बैठक अजून अर्ध्यावरच अडते. रविवारी दाखवते, घोटा कुठे वळतो ते तेवढं बघा.

तुमची विद्यार्थिनी