६.१० सीजीपीए म्हणजे किती टक्के?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणिताचा मास्तर म्हणून निवृत्त होऊन मला आता सात वर्षे झाली. तरी निकालाचे दिवस आले की गल्लीतली मुले गुणपत्रिका घेऊन ओट्यावर येतात. ‘सर, तेवढे टक्के काढून द्या.’ अर्जात टक्केवारीचा रकाना असतो आणि गुणपत्रिकेवर छापलेला असतो सीजीपीए, म्हणजे श्रेणींना दिलेल्या अंकांची (श्रेणीगुणांची) दहापैकी सरासरी. रकाना रिकामा ठेवला तर संगणक अर्ज पुढे सरकू देत नाही.

गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी अशीच आली. एम. कॉम. झालेली, घरातली पहिली पदवीधर. सीजीपीए ६.१०. तिला नेटचा, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, अर्ज भरायचा होता. खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. मैत्रिणीने सांगितले होते दहाने गूण, म्हणजे ६१. सायबर कॅफेवाला म्हणाला साडेनऊने गुणायचे, म्हणजे ५७.९५. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कोष्टकात मात्र ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के धरतात. थोडक्यात आधी पाऊण वजा करायचा आणि मग दहाने गुणायचे. तसे केले तर येतात ५३.५. म्हणजे एका हिशेबाने पोरगी फर्स्ट क्लास, दुसऱ्याने पात्र, तिसऱ्याने अपात्र. पेपर तेच, गुणही तेच.

साडेनऊचा आकडा आला कुठून हे पाहण्यासारखे आहे. तो सीबीएसईच्या दहावीचा. तिथे ९१ ते १०० गुणांना सर्वोच्च श्रेणी आणि १० श्रेणीगुण होते. त्या गटातल्या मुलांची सरासरी ९५ च्या आसपास येत होती, म्हणून ९५ भागिले १०. त्या परीक्षेपुरते हे ठीकच होते. पण मुंबई-पुण्याकडे पदवीला जी मोजपट्टी चालत आली तिच्यात ८० गुणांनाच ‘ओ’ श्रेणी आणि पूर्ण १० मिळतात. ७० ते ७९ ला ९, ६० ते ६९ ला ८, ५५ ते ५९ ला ७, ५० ते ५४ ला ६, आणि असे खाली ४० पर्यंत. आता सगळ्या विषयांत बरोबर ६० गुण मिळवणारा मुलगा घ्या. त्याचा सीजीपीए ८.००. साडेनऊने गुणले की ७६ टक्के! पाऊण वजा केला तरी ७२.५. पोराने मिळवले ६०. उलट सगळीकडे ५९ मिळवणाऱ्याचा सीजीपीए ७.००. पेपरामागे एकेक गुण कमी आणि अख्खा एक अंक गेला.

श्रेणी पद्धतीला माझा विरोध नाही. ७२ आणि ७४ यांत फरक करू नये, तपासणाऱ्याचा हात तेवढा इकडेतिकडे होतोच, हा विचार मला पटतो. पण एकदा गुण मोडून श्रेणी केली की श्रेणीतून गुण परत मिळत नाहीत. दळलेल्या पिठातून गहू काढता येत नाही. टक्केवारी मागणाऱ्यांना हे कोण सांगणार? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीतही, संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, असे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात आहे. पुन्हा टक्केच.

पालकांना क्रेडिटचा, म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेल्या वजनाचा, हिशेबही कुणी नीट समजावत नाही. दोनच विषय धरू. थिअरी चार क्रेडिटची, प्रॅक्टिकल दोन क्रेडिटचे, दोन्ही शंभर गुणांपैकी. एकाला थिअरीत ७० आणि प्रॅक्टिकलला ५८. दुसऱ्याला नेमके उलटे. बेरीज दोघांचीही १२८. पहिल्याचे चार गुणिले नऊ, अधिक दोन गुणिले सात, म्हणजे ५०. त्याला सहाने भागले की ८.३३. दुसऱ्याचे ४६ भागिले सहा, म्हणजे ७.६७. डिस्टिंक्शनची रेषा ७.७५ ला असेल तर एकाला डिस्टिंक्शन मिळते आणि दुसऱ्याचे हुकते. यात अन्याय नाही, जास्त क्रेडिटच्या विषयाला जास्त वजन असणारच. पण हे पहिल्या सत्रात कळले तर मूल अभ्यासाचे तास त्याप्रमाणे लावील. निकालानंतर कळून काय उपयोग? आणि सगळ्या सत्रांच्या एसजीपीएची (एकेका सत्राच्या सरासरीची) बेरीज करून सत्रांच्या संख्येने भागणारे तर प्राध्यापकांतही भेटतात. सत्रांची क्रेडिट सारखी नसतील तर ते चूक आहे. २० क्रेडिटला ८ आणि २४ क्रेडिटला ७ असतील तर सीजीपीए ७.४५ होतो, ७.५० नव्हे.

आमच्या वेळी हे सगळे फार छान होते असे म्हणणार नाही. ५९.८ टक्क्यांवर फर्स्ट क्लास हुकलेले मित्र आजही त्या दोन दशांशांविषयी बोलतात. मात्र का हुकला, हे त्यांना बेरीज करून कळत होते.

इंग्लंडमध्ये शिकणारा माझा पुतण्या सांगतो की तिथे ७० ला फर्स्ट आणि ६० ला अप्पर सेकंड. पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी पदवीच्या वर्गात धरत नाहीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला किती वजन द्यायचे ते विद्यापीठागणिक बदलते. म्हणजे गोंधळ तिकडेही आहे. फरक इतकाच की वर्गाचा हिशेब कसा होतो ते तिथली विद्यापीठे छापून ठेवतात. पुतण्याने दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर मांडून पाहिले होते की फर्स्टसाठी कुठल्या विषयात किती लागतील.

आपल्याकडेही हे अवघड नाही. प्रत्येक गुणपत्रिकेच्या पाठीमागे तीन गोष्टी छापाव्यात: कोणत्या गुणांना कोणता श्रेणीगुण, वर्गाच्या रेषा कुठे, आणि टक्केवारीचे त्या विद्यापीठाचे अधिकृत सूत्र, एका सोडवलेल्या उदाहरणासह. शिवाय मूळ गुणांची बेरीजही द्यावी, म्हणजे टक्केच हवे असणाऱ्याला खरे टक्के मिळतील. आणि आपल्यालाही एक विनंती. अभिनंदनाच्या बातमीत ९.६४ सीजीपीए छापताना त्या विद्यापीठात दहा श्रेणीगुण किती गुणांना मिळतात तेही एका ओळीत द्यावे.

त्या मुलीला मी कोणताच आकडा लिहू दिला नाही. विद्यापीठाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र आण म्हटले. त्यासाठी शुल्क भरून तिला तीन खेपा घालाव्या लागल्या. प्रमाणपत्र आले तोवर अर्जाची मुदत संपली होती. त्यावर सूत्र एका ओळीत दिले आहे, पाऊण वजा करून दहाने गुणायचे. म्हणजे ५३.५. आता श्रेणीसुधारासाठी दोन पेपर पुन्हा द्यावेत का, हे विचारायला ती काल येऊन गेली. आम्ही क्रेडिट मांडून पाहिली. चार-चार क्रेडिटचे दोन पेपर निवडले तर ६.२५ गाठता येईलसे दिसते.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक, कराड