न्यूमोनिया आणि मेंदूज्वर

संपादक महोदय,
पावसाळ्यातल्या न्यूमोनियावर तुमच्या पेपरात परवा लेख आला तो चांगलाच होता, पण सगळा भर खोकला, दम आणि ऑक्सिजनवर, मेंदूज्वराचं नाव कुठेच नाही. फुप्फुसात न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचू शकतो, आणि मोठ्या माणसांतल्या बॅक्टेरियल मेनिंजायटिसचं (जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचं) ते एक मुख्य कारण आहे. आपल्याकडे पेशंट असंबद्ध बोलायला लागला की ताप डोक्यात गेला म्हणतात, म्हातारा असेल तर वय झालं, आणि रोज घेणारा असेल तर विचारूच नका, उतरली नाही म्हणून झोपू देतात (दारूवाल्यांना तर या जंतूचा धोका उलट जास्त). मेंदूज्वरात मान आखडलेलीच पाहिजे असंही नाही, तापात डोकं दुखून गुंगी आली तरी सकाळची वाट न बघता १०८ला फोन करावा, गोव्यात पेडणे-काणकोणहून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल काही जवळ नाही. अँटिबायोटिकला उशीर झाला तर जीव वाचूनही कान जाऊ शकतात. लहान मुलांना या जंतूची लस सरकारी लसीकरणात मिळते, मोठ्यांसाठीही लस आहे, पण साठीपुढच्यांना ती घ्या म्हणून सांगतं कोण?

– एक वाचक, डिचोली