पटलं म्हणालीस, म्हणून

दांडिया बाजार, बडोदे
शुक्रवार, रात्री

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

नाटकाची वही तू देवघरापाशी विसरून गेलीस. चकल्यांचा डबा विसरलीस की मुद्दाम ठेवलास, ते विचारत नाही. दोन रात्री बसून वही वाचली. ‘रोमिओ-ज्युलिएटमध्ये तुला दाईचंच काम मिळालं का?’ असं म्हणाले होते, ते मागे घेते. अख्ख्या घरात त्या पोरीचं मन कळतं ते त्या एका दाईला. पोर चौदाचीही नाही! आणि हिची स्वतःची सुझन, तिच्याच वयाची, देवाघरी गेलेली. ते एवढंसं सांगून बया पुढे जाते. तिथे घाई करू नकोस. (लागले बघ शिकवायला. तुमच्या सरांनी सांगितलंच असेल.)

ज्युलिएटचं दूध कधी तोडलं, ते ती भूकंपावरून सांगते. वाचून हसू आलं, मग रडू. तुझंही तसंच ना गं! २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. मी कडुलिंब वाटून लावला होता, तू तोंड वाकडं करून रडत होतीस, आणि फळीवरचे डबे वाजायला लागले. बाबा ध्वजवंदनाला गेलेले. तुला कडेवर घेऊन जिना उतरले, तेव्हा एका पायात माझी चप्पल, एका पायात आजोबांची.

दाई निरोप नेते, दोराची शिडी आणते, हाडं दुखतात म्हणत पोरीला ताटकळत ठेवते. ते तुला छान जमेल, आजीची नक्कल करतेसच. पण रोमिओ हद्दपार झाल्यावर तीच म्हणते, तो आता नसल्यातच जमा, घरच्यांनी ठरवलेल्या त्या पॅरिसशी लग्न कर. ज्युलिएट भांडत नाही. फार धीर दिलास म्हणते, आणि त्यानंतर तिला काही म्हणजे काही सांगत नाही. ४२ तास मेल्यासारखं निजवणारं औषध घेते, दाईला पत्ता नाही. सकाळी उठवायला जाते तर पोर गार.

मनू, मीही तेच बोलले ना? ‘तो कॅनडाला गेला, विषय संपला, हे स्थळ काय वाईट आहे?’ तू म्हणालीस, ‘बरं आई, पटलं.’ भांडली असतीस तर मला झोप लागली असती.

वाईट नाही गं ती दाई. घाबरली. मोठ्या आत्यांच्या वेळी चिठ्ठ्या पोचवणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं, हे मी पाहिलंय. नवी नवरी होते, गप्प बसले. आत्यांनीही पुढे कुणाला काही सांगितलं नाही. असो. तुझं तसं नाही, तू शहाणी आहेस, एकटी राहतेस, पगार मिळवतेस. तरी ‘पटलं’ का म्हणालीस?

स्थळवाल्यांना मी काहीच कळवलेलं नाही. वही आणि डबा सोमवारी कुरियरने निघेल. प्रयोगाला येऊ का, ते सांग. नको असेल तर तसं सांग. रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागीच असते. नाटकाचंच बोललीस तरी चालेल.

तुझी,
आई