कांदळांची रोपे मोजली, चिखल कोण मोजणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की खाडीकाठी इतकी हजार कांदळरोपे लावली, त्यातली इतकी जगली, अशा बातम्या येऊ लागतात. रोपे जगली हे चांगलेच. पण तेवढ्यावर ‘खाडीकाठ पूर्ववत झाला’ म्हणायचे आणि तोडलेल्या जुन्या तिवराच्या, म्हणजे कांदळवनाच्या बदल्यात नवी लागवड तोलामोलाची धरायची, याला आक्षेप आहे. झाड पाच-सात वर्षांत डोक्यावर जाते. खालची माती इतक्या लवकर तयार होत नसते.

ओहोटीला जुन्या तिवरात एक फावडे मारावे. माती काळी, बारीक मुळ्यांनी विणलेली, सडक्या अंड्याच्या वासाची. मुठीत दाबली तर बोटांच्या फटींतून बाहेर येते. मग बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला खांड पडून खारे पाणी शिरलेल्या भातखाचरात मारावे. वरचा चारेक बोटे थर मऊ लागतो आणि वीतभर खाली फावडे अडते. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने घट्ट बसलेला तो थर. मुळ्या तिथे आडव्या वळतात, चिंबोऱ्यांची बिळे उथळ राहतात, भरतीचे पाणी खाली मुरत नाही.

अन्नद्रव्यांचे गणितही दोन्हीकडे वेगळे. नव्या जागी सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या मुळ्या-पाल्यातला कार्बन) कमी आणि त्यामुळे नत्रही कमी, कारण मातीतले बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थातच असते. स्फुरदाचे मात्र उलट होऊ शकते. शेतात घातलेल्या खताचे स्फुरद आपल्या जांभ्याच्या मातीतल्या लोहाला चिकटून बसलेले असते. खारे पाणी तुंबले, हवा संपली की लोह विरघळते. समुद्राच्या सल्फेटपासून झालेले सल्फाइड ते लोह पकडते आणि स्फुरद मोकळे होते. खाऱ्या पाण्यातला सोडियम चिकणमातीवरचा अमोनियाही हुसकावतो. सुरुवातीच्या काळात अहवालात ‘उपलब्ध’ अन्नद्रव्ये भरपूर दिसतात ती यामुळे. ती माती सुधारल्याची खूण मानू नये. त्यातले बरेचसे ओहोटीबरोबर खाडीत जाते.

तपासणीतही घोळ होतात. नमुना शेतातल्यासारखा उन्हात वाळवला तर त्यातले लोह-सल्फाइड हवेत जळून आम्ल तयार होते, सामू (पीएच) खाली येतो आणि अमोनियाचा आकडाही बिघडतो. सामू जागेवरच, ओल्या मातीत घ्यावा; नत्राचा नमुना हवाबंद पिशवीत, बर्फात. कर्बासाठी नेहमीची डायक्रोमेट पद्धत वापरली तर मिठातले क्लोराइडही कर्ब म्हणून मोजले जाते. वाळलेल्या मातीत ३ टक्के क्लोराइड असेल तर त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे पाव टक्का कर्ब फुकटचा! प्रयोगशाळेने आम्लात सिल्व्हर सल्फेट घातले होते का, हे विचारून घ्यावे.

आणि नुसती टक्केवारी पुरत नाही, ठरावीक मापाची कडी मातीत ठोकून, आतली माती वाळवून-तोलून घनता काढावी लागते. समजा, जुन्या तिवरात कर्ब ३ टक्के आणि घनता घनसेंटिमीटरला ०.८ ग्रॅम, नव्या जागी १.५ टक्के आणि १.३ ग्रॅम. वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये हेक्टरी ७२ टन विरुद्ध साधारण ५८ टन. टक्केवारी निम्मी, साठ्यातला फरक मात्र पाचव्या हिश्श्याचा. हे आमच्या आक्षेपाला सोयीचे नाही, पण हिशेब असाच करायला हवा.

जगभरातल्या ६२१ पाणथळ जागांच्या नोंदी एकत्र करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शतक उलटल्यावरही पुनरुज्जीवित जागांचे मातीतले कार्य, मुख्यतः कर्बसाठा, नैसर्गिक जागांपेक्षा सरासरी २३ टक्के कमी आढळले. उबदार हवामानात आणि भरतीचे पाणी खेळते अशा ठिकाणी सुधारणा लवकर होते, असेही त्यातच दिसले. कोकणाला दोन्ही गोष्टी लाभल्या आहेत. फक्त पाणी खेळते ठेवायला हवे.

तेव्हा रोपांआधी पाणी. मोडकी उघाडी (बांधातले पाणी सोडायचे दार) बंद पडून राहिली की आत उन्हाळ्यात भेगा पडतात, वर मिठाचा पापुद्रा येतो आणि पहिल्या पावसात आम्लाचे तांबूस पाणी वाहते. अशा जागी कितीही रोपे लावा, उपयोग नाही. खांड रुंद करावी, जुन्या वहाळ्या मोकळ्या कराव्यात, घट्ट थर जागोजागी फोडावा. जवळ जुने तिवर असेल तर पावसाळ्यात बी आपोआप वाहत येते. खत मात्र घालू नये. युरिया-डीएपीने पाला फोफावतो, मुळ्या मागे पडतात आणि एप्रिल-मेमध्ये खारटपणा वाढला की हीच झाडे आधी मान टाकतात.

लागवडीच्या प्रत्येक जागेशेजारी, त्याच भरतीपातळीवरचे एक जुने तिवर तुलनेसाठी धरावे. दोन्हीकडून ०–१०, १०–३० आणि ३०–५० सेंटिमीटरचे नमुने मे आणि ऑक्टोबरमध्ये घ्यावेत, पहिल्या वर्षी आणि नंतर दर पाच वर्षांनी. कर्ब, एकूण नत्र, घनता आणि सामू, एवढे चार आकडे रोपांच्या संख्येशेजारी छापून यावेत. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ताही त्या आकड्यांवर ठरावा.

आपला,
एक वाचक, अलिबाग