मनगट बरं आहे

ओटावा,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

सगळ्यात आधी, मनगट बरं आहे. हे पत्र उजव्याच हाताने लिहितेय, अक्षर बघा हवं तर. व्हिडिओ कॉलवर मी डाव्या हाताने फोन धरलेला छोटीने बघितला, आणि तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा हात मोडल्याचा निरोप झाला. मुरगळलं होतं, विषय संपला. फोनवर समजावायला गेले तर तुम्ही तिघं एकदम बोलता, मागून आजी "काय म्हणते, काय म्हणते" करते आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. म्हणून पत्र. दादाने ओटीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवावं.

नोकरी, जेवणखाण, थंडी, सगळं ठीक. मेतकूट अजून आहे, कोकमं संपली. सकाळपासून बर्फ पडतोय.

आता तो विषय, माझ्या स्केटिंगचा, म्हणजे पात्यांचे बूट घालून बर्फावर घसरण्याचा. बाबा, "घसरायला कसलं शिकायचं, ते आपोआप येतं," हे तुमचं वाक्य छोटीने जसंच्या तसं पोचवलंय. तर ऐका, पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी पडायलाच शिकवलं. गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचं, हात टेकायचे नाहीत आणि बोटं मुठीत घ्यायची, म्हणजे मागून येणाऱ्याचं पातं त्यांवरून जात नाही. मग गुडघ्यावर येऊन उठायचं. तासभर आम्ही दहा-बारा मोठी माणसं नुसती पडत आणि उठत होतो. माझं मनगट दुखावलं ते हा धडा विसरून हात टेकला म्हणून. म्हणजे दोष खेळाचा नाही, माझा.

"या वयात" असं आई म्हणते. आई, एकोणचाळीस म्हणजे आमच्या वर्गात मी लहानांत जमा. एक निवृत्त गृहस्थ बासष्टीचे आहेत, ते उलटं घसरतात, मला अजून नीट जमत नाही. डोक्यावर हेल्मेट असतं, गुडघ्यांना पॅड असतात. आपल्या पाखाडीवर श्रावणात शेवाळ धरतं तेव्हा तू डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन त्यावरून उतरायचीस, तेव्हा हेल्मेट होतं का?

बूट कसे असतात ते सांगते. तुझी विळी डोळ्यांसमोर आण. बुटाच्या तळाला तसं पोलादी पातं, पण विळीला धार एक, याला दोन, मध्ये पन्हळीसारखी खाच. पुढच्या टोकाला खवणीसारखे दात. खरंच सांगते, दुकानात पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला नारळच आठवला. सगळी गंमत त्या दोन धारांत आहे. सरळ उभं राहिलं की दोन्ही धारा टेकतात आणि माणूस सरळ जातो. घोट्यातून जरासा कल आत किंवा बाहेर दिला की एकच धार बर्फात रुतते आणि पाय आपणहून गोल काढायला लागतो. मी काही करत नाही, नुसता भार टाकून वाट बघते. धार नीट बसली की अडकित्त्यात सुपारी कातरताना होतो तसा आवाज येतो. आणि पुढच्या त्या दातांवर चुकून भार गेला तर तोंडावर. तेही शिकून झालं.

उड्या म्हणाल तर मला एकच येते, अर्ध्या फेरीची. पुढे बघत उडायचं आणि उलटं तोंड करून उतरायचं. हवेत मी किती वेळ असते? "अगं" म्हणेपर्यंत. हीच उडी आणखी एक पूर्ण फेरी घेऊन मारली की तिला ॲक्सल म्हणतात. ॲक्सल पॉल्सन नावाच्या नॉर्वेच्या माणसाने १८८२ साली ती पहिल्यांदा मारली. बाकीच्या मोठ्या उड्या उलटं जाताना घेतात, ही एकटी पुढे तोंड करून, म्हणून दीड फेरी. ती मला येणार नाही हे मास्तरीणबाईंना माहीत आहे, मलाही माहीत आहे, तरी दोघीही तसं बोलत नाही.

आजीला एक सांगायचं राहिलं. सगळ्यांसाठी मैदान खुलं असतं तेव्हा सगळे डावीकडे वळत फिरतात, म्हणजे उलटी प्रदक्षिणा. मध्ये देव नाही, तेव्हा दोष लागत नाही.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण दीड वर्ष झालं तरी मला तिचं नवल वाटतं. तास संपला की भोंगा वाजतो. सगळे, अगदी पोरंसुद्धा, बर्फावरून बाहेर येतात. मग दार उघडून मोठ्या डंपरएवढी एक गाडी आत येते आणि सावकाश फेऱ्या मारायला लागते. बाहेरची माणसं काय करतात? चहा पितात? फोन बघतात? नाही. काचेला नाक लावून गाडी बघतात! दहा मिनिटं, गप्प. आजोबा, कॉलेजची मुलं, हॉकीची दांडगी पोरं, सगळी आरतीला उभी असल्यासारखी. गाडीवाला कोपऱ्यावर आला की लहान मुलं हात करतात, तोही हात करतो. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाला अपघात झाला की काय. शेजारच्या बाईंना विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "झँबोनी आली." इतकंच. जणू गणपती आला.

ती गाडी सारवण करते. मागे तळाशी रुंद पातं असतं, ते बर्फाचा वरचा पापुद्रा खरवडून काढतं. मग चरे धुतले जातात आणि शेवटी ओल्या फडक्याने पाण्याचा पातळ हात फिरतो. हे पाणी गरम असतं, बर्फावर! मला आधी खरंच वाटलं नाही. पण गरम पाण्याने जुन्या चऱ्यांच्या कडा किंचित विरघळतात, पाण्यात हवाही कमी असते, त्यामुळे नवा थर जुन्यावर घट्ट बसतो. आपण अंगण चोपून शेणाने सारवतो आणि वाळेपर्यंत कोणी पाय टाकला तर आजी ओरडते ना, अगदी तसं. गाडी गेल्यावर मैदान काळ्या आरशासारखं चकाकतं आणि दारात सगळे घुटमळतात. पहिला चरा आपण ओढावा असंही वाटतं आणि ओढू नये असंही.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. कॅलिफोर्नियातल्या ज्या फ्रँक झँबोनीने १९४९ मध्ये ही गाडी बनवली, त्याचा आधी बर्फाच्या लाद्यांचा धंदा होता. घरोघर फ्रिज आले, लाद्यांना गिऱ्हाईक उरेना, म्हणून त्याने स्केटिंगचं मैदान काढलं. आमच्या मैदानाखालीसुद्धा हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यासारखाच कारभार आहे. खाली नळ्या, नळ्यांत गार केलेलं खारं पाणी आणि वर जेमतेम इंच-सव्वा इंच बर्फ. एवढ्याशा बर्फावर मी इतकी खूश आहे.

कालव्याची काळजी करू नका. हो, इथला रिडो कालवा हिवाळ्यात गोठतो आणि पावणेआठ किलोमीटरवर लोक स्केटिंग करतात, काही जण पाठीला दप्तर लावून ऑफिसलाही जातात. मीही दोनदा गेले. पण बर्फ साधारण तीस सेंटिमीटर जाड झाल्याशिवाय कोणाला उतरू देत नाहीत. २०२३ च्या हिवाळ्यात तो नीट धरलाच नाही, तर पूर्ण मोसम बंद ठेवला. १९७१ पासून असं पहिल्यांदाच झालं. पूल व्हायच्या आधी आपण आंजर्ल्याची खाडी तरीतून ओलांडायचो, तेव्हा कोणी काय मोजायचं?

आणि मी एकटी नाही. इथल्या मराठी मंडळींपैकी तिघींना मी ओढून नेलंय. ऑफिसात तर मला बघून लोक रस्ता बदलतात, म्हणतात हिला विचारू नका, बूट घालायला लावेल. त्या तिघींतल्या एक काकू चिपळूणच्या, नातवाला सांभाळायला आलेल्या, अठ्ठावन्नच्या. कठड्याला धरून चार पावलं टाकली आणि सोडलाच कठडा. म्हणाल्या, "हे तर पावसातल्या बांधावरनं चालणं आहे, गुडघे सैल ठेवायचे नि खाली बघायचं नाही." मला हेच कळायला पाच महिने लागले होते. प्लास्टर काढल्यावर मी पहिल्यांदा उतरले तेव्हा माझा हात त्यांनीच धरला होता.

(हो, प्लास्टर होतं. लिहून गेले, आता खोडत नाही. बारीक तडा, चार आठवडे.)

बाकीचं भराभर लिहिते. छोटीच्या साखरपुड्याला जमत नाही, लग्नाला नक्की येते, अकरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. चिपळूणच्या त्या स्थळाला, काकूंचा काही संबंध नाही, दुसरं ते, नाही म्हणून कळवा. माणूस चांगला असेल. मी रागावलेले नाही आणि इथे कोणी आहे म्हणूनही नाही. माझ्यासाठी केलेल्या पाटल्या छोटीच्या हातात घाला. त्या पेटीत राहून कुणाच्याच होत नाहीयेत. आई, यावर फोन करून रडू नकोस, मी शांतपणे लिहितेय.

हॉलच्या पैशांतला माझा वाटा एक तारखेला येईल. या वेळी खरंच एक तारखेला.

कारण मागच्या वेळचं सांगायचं आहे. विहिरीवरच्या मोटरीचे पंचवीस हजार मी सहा आठवडे उशिरा पाठवले आणि बँकेत घोळ झाला म्हणाले. बँकेत काही घोळ नव्हता. त्या महिन्यात मी स्वतःचे बूट घेतले. भाड्याच्या बुटांत घोटा डुगडुगायचा, मास्तरीणबाई म्हणाल्या यापुढे यात शिकता येणार नाही, आणि मी दुकानात जाऊन पैसे भरून मोकळी झाले. बाबा, ते सहा आठवडे तुम्ही शेजाऱ्यांच्या मोटरीवरून पाळी लावून पाणी घेतलंत आणि मला एकदाही विचारलं नाहीत. २०२० मध्ये निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या तेव्हा विमानं बंद होती, मी येऊ शकले नाही, ते कारण खरं होतं. हे नव्हतं. त्यानंतर तुम्ही लावलेली रोपं त्या पाण्यावाचून वाळली असती तर मी काय केलं असतं, हे रात्री मनात येतं. बूट परत करता येत नाहीत, पात्यांना धार लावून झाली आहे. खरं सांगायचं तर परत करायचेही नाहीत.

वहिनीला आणि छोटीला आशीर्वाद, आजीला साष्टांग नमस्कार. येताना काय आणू ते कळवा.

तुमची,
ताई

ता. क. दादा, हे आधी तू एकटा वाच. ओटीवर वाचताना "बाकीचं भराभर" पाशी थांब, पुढचं आई-बाबांना माजघरात दे. आजीसमोर प्लास्टर म्हणू नकोस, मुरगळ म्हण.